डाव्या हाताची बशी

लोह्यातल्या आमच्या घरात मी डिझाइन केलेल्या तीन वस्तू अजून वापरात आहेत, आणि तिन्ही भलत्याच कामाला. पहिली म्हणजे दुसऱ्या वर्षात केलेला बांबूचा दिवा. वर्गासोबत किनवटला जाऊन, कारागिरांच्या अंगणात चार दिवस बसून मी तो विणला होता. त्यातून उजेड बाहेर येत नाही, पण वारा छान खेळतो, म्हणून माय त्यात कांदे ठेवते. दुसरी वस्तू तीन पायांचं स्टूल. त्यावर बसलेला माणूस हळूहळू पुढे घसरतो, म्हणून त्यावर कोरफडीची कुंडी आहे. तिसरा एक कप आहे, मोठ्या दांड्याचा, झाकण असलेला. त्यात मीठ असतं. त्या कपाबद्दल सावकाश सांगतो, कारण तो बनवायला मला तीन महिने लागले आणि तो चुकला आहे हे कळायला पाच मिनिटं.

बाबा गेले त्याला येत्या महिन्यात वर्ष होईल. माय म्हणाली, "इतकं शिकलास, बाबावर दोन पानं लिही की. विहारात वाचून दाखव त्या दिवशी." गेले तीन आठवडे मी ती दोन पानं लिहितो आहे. रोज एखादा परिच्छेद होतो, दुसऱ्या दिवशी त्यातला अर्धा खोडला जातो. बाबांचे गुण लिहायला बसावं, तर हे स्टूल आणि हा दिवा मध्ये येतात. शेवटी त्यांनाच येऊ दिलं.

बाबा पोस्टमन होते. लोह्यात आणि आसपासच्या खेड्यांत सायकलवरून टपाल वाटण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. ते निवृत्त झाले तेव्हा मी लातूरला प्रॉडक्ट डिझाइनच्या पहिल्या वर्षाला होतो. लातूर म्हटलं की आमच्याकडे एकच अर्थ निघतो, मेडिकलचे क्लास. बाबांचे एक मित्र आहेत, सायकल दुरुस्तीचं दुकान असलेले काका. त्यांना माझं शिक्षण समजावता समजावता माझी चार वर्षं संपली.

"लातूरला हाय म्हणल्यावर डॉक्टर होणार," काका म्हणायचे.

"नाही काका, डिझाइन."

"म्हणजे साडीचं?"

"वस्तूंचं. खुर्ची, बाटली, दिवा."

"त्या तर बाजारात मिळून राहिल्या की."



बाबांनी असं कधी विचारलं नाही. मी सुट्टीत काही बनवून आणलं की ते ती वस्तू हातात घेत, खराब अक्षरातला पत्ता वाचावा तशी उलटीपालटी करून पाहत आणि म्हणत, "बरं हाय." स्टूलवर ते एकदा बसले, घसरले, उठले, आणि म्हणाले, "बरं हाय." मी वहीत लिहिलं, 'यूजरचा प्रतिसाद सकारात्मक.' त्या ओळीखाली मी पट्टीने रेघ मारलेली आहे.

वर्गात मी फार बोलणारा नव्हतो. इतरांचे हात मातीने आणि लाकडाच्या भुशाने भरलेले असत, माझे शाईने. मी ग्रंथालयात बसायचो. माणसाच्या तळहाताची मापं, बोटांच्या पकडीचे प्रकार, खुर्चीचा इतिहास, सगळं उतरवून घ्यायचो. 'वापरणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा' हे वाक्य मी इतक्या पुस्तकांतून उतरवलं की ते मलाच सुचलेलं आहे असं वाटू लागलं होतं. दोन वर्षांनी आलेल्या मुलांना ते मी माझं म्हणून ऐकवतही होतो.

तिसरं वर्ष संपता संपता बाबांच्या अंगावरून वारं गेलं. नांदेडच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढून ते घरी आले. वाचा परत आली, पाय काठीच्या आधाराने चालू लागला. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा.

आमच्या बसस्टँडजवळ मामूंचं चहाचं हाटेल आहे. सगळं लोहा त्यांना मामू म्हणतं, बाबाही म्हणायचे, दोघं एका वयाचे असून. नोकरीला लागल्यापासून बाबा रोज सकाळी टपालाची पिशवी उचलण्याआधी तिथे जात, निवृत्तीनंतर दिवसातून दोनदा. भिंतीकडचं बाक त्यांचं आणि सायकलवाल्या काकांचं. पहिला घोट घेतला की बाबा म्हणायचे, "मामू, चहा पातळ हाय." मामू शेगडीकडून मान न वळवता म्हणायचे, "घट्ट होना तो घर जाके बासुंदी पी, पोस्टमन." हे इतकी वर्षं चाललं होतं की त्यात कोणाला काही ऐकू येत नसे.

आजारानंतर बाबा मामूंकडे गेले नाहीत. चालत जाणं जमलं असतं. घराच्या पायरीवर बसून ते रस्त्याकडे पाहत, आणि काका बोलवायला आले की म्हणत, "उद्या बघू."

मला मायने सांगितलं, "डाव्या हातानं सांडतंय त्यांच्या. चार लोकांपुढं कुणी पाजावं, हे न्हाई चालत त्यांना. म्हणून जाईनात."

म्हणजे बाबांना एवढंच हवं होतं, मामूंच्या हाटेलात त्या बाकावर बसून, चारचौघांत, स्वतःच्या हाताने चहा प्यायचा. आणि मला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हवा होता. ही सोय मला फार लवकर दिसली, हे इथे कबूल करून ठेवतो.

मी कप करायला घेतला. डाव्या हाताची चारही बोटं मावतील असा दांडा, कलंडू नये म्हणून जड बूड, सांडू नये म्हणून फट ठेवलेलं झाकण. त्याआधी रीतसर अभ्यास. वीस प्रश्नांचा फॉर्म घेऊन मी लोह्याला आलो. मुलगा कॉलेजचं काहीतरी करायला आला आहे म्हणून मायने बाबांना पांढरा शर्ट घातला, बटणं लावली, भांग पाडला.

मी वाचलं, "प्रश्न सहा. चहा पिताना आपणास कोणत्या अडचणी येतात?"

"काही न्हाई," बाबा म्हणाले.

"तरी?"

"बरं हाय सगळं. तुला काय लिहायचं ते लिही."

मी लिहिलं, 'यूजर अडचण नाकारतो.' मग फोटो काढला. बाबा ताठ बसले होते, निरोप समारंभात बसले होते तसे, डाव्या हातात घरातला कप धरून.

कप तयार झाल्यावर मी तो वर्गात मांडला. शिकवणाऱ्या मॅडम नांदेडच्या, कमी बोलणाऱ्या. पडद्यावरच्या बाबांच्या फोटोकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"कपात चहा आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम."

"का?"

"शर्ट पांढरा होता."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझे वडील चहा कसा पितात हे तू पाहिलंच नाहीस. घरी जा. तीन दिवस राहा. वही नेऊ नकोस."

वही नसल्यामुळे पहिल्या दिवशी मला हातांचं काय करावं ते कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी प्यायला स्वयंपाकघरापर्यंत गेलो, तर दार लोटलेलं होतं. फटीतून दिसलं ते असं. बाबा भिंतीला टेकून बसले होते. मायने कपातला चहा बशीत ओतला, दोन फुंकरी मारल्या आणि बशी त्यांच्या ओठांना लावली. बाबांनी डोळे मिटून मोठा आवाज करत घोट घेतला.

तो आवाज ऐकत मी लहानाचा मोठा झालो होतो. बाबांना कपातून चहा पिताना मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. पोस्टमनला कपातला चहा निवेपर्यंत थांबता येत नाही. बशीत ओतला की दोन फुंकरीत पिऊन पिशवी उचलता येते. कप त्यांच्या लेखी बशीपर्यंत चहा नेणारं भांडं होतं. आणि मी झाकण असलेला कप बनवला होता, ज्यातून बशीत चहा ओतताच येत नाही.

हे मी विसरलो कसा, याचं उत्तर मला लगेच मिळालं आणि ते मला आवडलं नाही. पहिल्या वर्षी होस्टेलच्या मेसमध्ये मी चहा बशीत ओतला होता. समोर बसलेल्या पुण्याच्या मुलाने नुसतं पाहिलं. त्या दिवसापासून मी जीभ भाजून घेत कपातून पिऊ लागलो. बशी मी माझ्यातून इतकी पुसून काढली की बाबांच्या हातातूनही ती पुसली गेली. मायला कप दाखवला तेव्हा तिने झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "मिठाला चांगला हाय," ती म्हणाली.

मग मी बशीला लागलो. नेहमीच्या बशीपेक्षा खोल, काठ किंचित आत वळलेला, वरून अंगठा ठेवायला रुंद पट्टी, आणि खालचं कडं एवढं उंच की दोन बोटं त्यात अडकावीत. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आणली. पहिल्या दिवशी बाबांनी डाव्या हाताने उचलली तेव्हा निम्मा चहा छातीवर आला. चौथ्या दिवशी चार थेंब सांडले. सहाव्या दिवशी त्यांनी मायकडे आणखी अर्धा कप मागितला. मला राहवेना.

"बाबा, उद्या मामूंकडे," मी म्हणालो.

त्यांनी रिकामी बशी खाली ठेवली. मी तो होकार धरला.

दुसऱ्या दिवशी मामूंनी बाक पुसून दिलं. "आओ पोस्टमन, कित्ते दिन हुए." काका सरकून बसले. चहा आला. मी पिशवीतून टॉवेलमध्ये गुंडाळलेली माझी बशी काढली. टॉवेलचे धागे लागले असतील म्हणून ती घेऊन बाहेर गेलो, दारातल्या ड्रममधल्या पाण्याने धुतली आणि पाणी निथळत आत आलो. बाबा माझ्याकडे पाहत होते. मी बशी त्यांच्यापुढे ठेवायच्या आत ते काठी घेऊन उठले.

"चल," ते म्हणाले.

"चहा?"

"चल घरी."

वाटेत एका बंद दुकानाच्या ओट्यावर ते टेकले. मी बशी हातात धरून उभा होतो. मग ते बोलायला लागले, थांबत थांबत, कारण मोठं वाक्य त्यांना एका दमात जमत नसे.

"मी लहान होतो तवा गावातल्या हाटेलात आपल्या लोकांचा कप बाहेर असायचा. वळचणीला टांगलेला. दांडा तुटका. आपणच काढायचा, बाहेर बसून प्यायचा, आपणच धुवायचा, परत टांगायचा."

मी खाली बसलो.

"नोकरी लागल्यावर पहिल्या दिवशी मामूकडं गेलो. त्यानं सगळ्यांच्यातला कप उचलून दिला. एकाच टोपात बुडवून सगळे कप धुतो तो. नीट धूत पण न्हाई." इथे ते थोडे हसले. "मला त्या टोपातली बशी पाहिजे."

हे सगळं मला माहीत होतं, हीच खरी अडचण. मी त्यावर पुस्तकं वाचली होती. आमच्या विहारात त्यावर भाषण केलं होतं, टाळ्याही घेतल्या होत्या. आणि भरल्या हाटेलात, सगळ्यांच्या देखत, मी माझ्या बापाची वेगळी बशी बाहेरून धुऊन आणली होती. दांडा तुटका नव्हता, एवढीच काय ती सुधारणा.

उठताना बाबा म्हणाले, "तुझी बशी बरी हाय."

लातूरला परत जाण्याआधी मी एकटा मामूंकडे गेलो. कसं सांगावं याची मनात मी पाच-सहा वाक्यं जुळवली होती. पहिलंच अर्धं झालं आणि मामू म्हणाले, "समझा. आगे मत बोल." मग कपाळ खाजवत म्हणाले, "मेरी सब बश्या बदलेगा क्या?"

"हो. सगळ्या सारख्या."

"तो नाजुक नक्को लाना. टोप में गिरेगी."

मॅडमना मी जे घडलं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आता किती?" मी म्हणालो, चोवीस. वीस बश्या लागतात, चार फुटायच्या. त्यांनी भट्टीच्या वेळापत्रकात माझं नाव पुढे घेतलं.

लातूरला तेव्हा नळ आठ दिवसांनी येत होता. माती मळायला, साचे ओले करायला, झिलई कालवायला पाणी लागतं. मी होस्टेलवरून माझ्या वाटच्या बादल्या वर्कशॉपमध्ये नेऊ लागलो, आणि त्या दोन महिन्यांत बश्यांची अंघोळ माझ्यापेक्षा जास्त वेळा झाली. खोलीतल्या मुलाने त्याची गादी खिडकीकडे सरकवली. पहिल्या खेपेच्या बश्या भट्टीतून वाकड्या निघाल्या, दुसऱ्या खेपेच्या चिरल्या. मामूंच्या टोपाच्या धाकाने मी त्या जाड केल्या. मामूंच्या जुन्या बश्यांवर काठाशी एक हिरवी रेघ होती. तसा हिरवा रंग साधायला मला तीन आठवडे लागले. नवी बशी कोणाच्या लक्षातही येऊ नये यासाठी एवढी मेहनत मी कधी केली नव्हती. तोवरची सगळी मेहनत लक्षात यावं यासाठी होती.

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी बशी उचलली, उलटी केली, सुलटी केली.

"यात डिझाइन काय आहे? ही हाटेलातली बशी आहे," ते म्हणाले.

माझ्याकडे चाळीस स्लाइड तयार होत्या. पकडीचे प्रकार होते, अंगठ्याची मापं होती. मी म्हणालो, "हो सर, हाटेलातलीच आहे." आणि लॅपटॉप मिटला. गुण बेताचे पडले. एका हुशार मुलीने घडीच्या सायकलला बक्षीस मिळवलं, आणि ती सायकल खरोखरच घडी होत होती.

बश्या मामूंकडे पोचवल्यावर मी दोन आठवडे थांबलो. लोकांचे हात बसू दिले. मग एका सकाळी बाबांना म्हणालो, "मामू विचारत होते तुम्हाला." एवढंच म्हणायचं, हे मी आणि मायने ठरवलं होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. पिशवी नव्हती. ते उठले.

काका बाकावर होते, बशी तोंडाला लावून. "बघ पोस्टमन, मामूनं बश्या बदलल्या," ते म्हणाले. "आख्खा कप बसतोय हिच्यात. म्हातारपणी हात सैल सुटला ह्याचा."

"तू पी और चुप बैठ," मामू म्हणाले.

बाबांनी बाकावर टेकून सगळीकडे नजर फिरवली. पलीकडच्या टेबलावर दोघं शेतकरी होते, त्यांच्यापुढे तीच बशी. दारात उभ्या ड्रायव्हरच्या हातात तीच. टोपातून दोन तशाच डोकावत होत्या. मामूंनी त्यातलीच एक काढून झटकली, कपाखाली सरकवली आणि बाबांपुढे ठेवून निघून गेले. थोडं साबणाचं पाणी राहिलं होतं तिच्यात.

बाबांनी कप काढून बशीत चहा ओतला, कप बाजूला ठेवला. त्याच हाताची दोन बोटं बशीच्या खाली घातली, अंगठा वरून दाबला. बशी उचलताना हलली. काका फार लक्ष देऊन भिंतीवरचं कॅलेंडर पाहू लागले. मी जमिनीकडे पाहत होतो, म्हणून मला फक्त ऐकू आलं. तोच आवाज.

"मामू," बाबा म्हणाले, "चहा पातळ हाय."

मामू शेगडीकडे तोंड करून होते. "घर जाके बासुंदी पी," ते म्हणाले, आणि नंतर उकळत्या चहात उगाच बराच वेळ चमचा फिरवत राहिले.

घरी जाताना ओट्यापाशी आल्यावर बाबांनी विचारलं, "किती केल्यास?"

"चोवीस."

"इतक्या?"

"फुटतात ना."

"हाव, फुटतात." चार पावलं गेल्यावर ते पुन्हा म्हणाले, "जड हाय. हात दुखून येतोय. पुढच्या बारीला हलकी कर."

चार वर्षांत बाबांनी माझ्या कामाला काढलेली ती पहिली खोड. 'बरं हाय' ते पाहुण्यांना म्हणायचे, टपाल दिल्यावर पाणी विचारणाऱ्या अनोळखी घरांत म्हणायचे. नावं ते फक्त मामूंच्या चहाला ठेवायचे. आता माझ्या बशीलाही ठेवली होती.

त्यानंतर आठ महिने ते रोज गेले. मग दुसऱ्यांदा वारं आलं आणि त्यातून ते उठले नाहीत.

मी आता नांदेडला एका कारखान्यात फवारणीच्या पंपांच्या भागांचे आराखडे काढतो. शनिवारी लोह्याला येतो. मामूंकडे चोवीसपैकी अकरा बश्या उरल्या आहेत. बाकीच्या टोपाने खाल्ल्या. या महिन्यात लातूरला जाऊन, मॅडमना विचारून, कॉलेजच्या भट्टीत मी एक नवी बशी काढली. कडं तेच, काठ तोच, हिरवी रेघ तीच, भिंत पातळ. मायला दाखवली. तिने हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाली, "बरं हाय."

त्यावर विश्वास ठेवण्याइतका मी आता अडाणी राहिलेलो नाही. काल ती मामूंकडे नेली आणि न सांगता टोपात सोडली. ती बाकीच्यांत मिसळली, मामूंनी झटकून मला नेमकी तीच दिली की दुसरी, हे आधी कळलं नाही. काठावरून बोट फिरवलं तेव्हा पातळ भिंत लागली, तीच होती. चहा ओतला. उजवा हात मांडीवर ठेवला आणि तिथेच राहू दिला. डाव्या हाताने बशी उचलली, आणि मामूंनी चार माणसांना चहा देईपर्यंत तशीच धरून ठेवली.

अजून जड आहे.